टुकानाच्या हाकेला ओ

कुमाइंत्सा,
१२ जानेवारी १९८६

इपिआक,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. मी सांगतोय आणि सूनबाई लिहितेय. माझ्या हाताला कुऱ्हाड येते, फुंकनळी येते, पेन येत नाही. मी सांगेन तेवढंच लिहायचं, असं तिला बजावून ठेवलंय. (तेवढंच लिहितेय. – नाकाइम)

इकडे बरं चाललंय. तुझ्या भाच्याने, चुम्पीने, एवढं खपून नवी होडी कोरली आणि ती पाण्यात टाकल्या टाकल्या उलटली. आता म्हणतो, लाकूडच वाकडं होतं. नाचता येईना, अंगण वाकडं. युकाचे कंद भरपूर आलेत. माझा खोकला जुनाच आहे, त्याची काळजी नको.

आता कामाचं बोलतो. चोंटाच्या ताडांना फळं पिकायला लागली, म्हणजे सण आलाच. गाणं धरणारा आपला म्हातारा गेल्या पावसात गेला आणि यंदा मी धरावं असं सगळ्यांनी ठरवलंय. मुकुट न घालता गाणं धरायला उभं राहायचं म्हणजे बाणाशिवाय शिकारीला निघायचं. आबांचा मुकुट चुलीवरच्या टोपलीत होता. सूनबाईने टोपली धुराबाहेर सरकवली आणि किड्यांनी पुढची सगळी पिसं खाल्ली. (टोपली मी सरकवलेली नाही. – नाकाइम) लाल आणि पिवळी पिसं लागतात आणि ती टुकानाचीच लागतात, कोंबड्याच्या शेपटीवर भागत नाही, हे तुला सांगायला नको. चुम्पी बंदूक घेऊन जातो. छऱ्यांनी पक्षीही जातो आणि पिसांचीही चाळण होते.

आपली पत्रं नेणारा विमानवाला सांगत होता, माकासला तुझ्या घरी एक टुकान आहे, चोच चांगली लांब आहे. म्हणजे नर असणार. तो माझ्याकडे पाठव. मी त्याला मारणार नाही. आबा करायचे तसं करीन. बाणाच्या टोकाला पातळ विष लावलं की पक्षी झोप लागल्यासारखा खाली येतो. हवी तेवढी पिसं घ्यायची आणि चोच उघडून चिमूटभर मीठ घालायचं. लहानपणी ते मीठ तुझ्याच मुठीत असायचं. पक्षी उठून बसायचा आणि आपल्याला शिव्या घालत उडून जायचा. पिसं काय, पुन्हा येतात. सण झाला की तुझा टुकान परत पाठवीन.

विमान कधी येईल याचा भरवसा नाही, तेव्हा लवकर कळव.

तुझा दादा,
कायाप

&nbsp;

माकास,
३० जानेवारी १९८६

दादा,

तुझं पत्र पोचलं. माझा माणूस गेला तेव्हा तुझा निरोप आला होता, चार शब्दांचा. त्यानंतर वर्ष होऊन गेलं, तू जिवंत आहेस की नाही हेसुद्धा मला विमानवाल्याला विचारावं लागलं. आणि आता पत्र आलं ते पिसांसाठी! आधी मी हसले, मग रागावले, आणि अजून रागावलेलीच आहे.

टुकान पाठवणार नाही.

तुला पातळ विष आठवतं, मीठ आठवतं. नदीपलीकडचा तो एक आठवत नाही? मी मीठ घातलं, पुन्हा घातलं, चोचीबाहेर सांडेपर्यंत घातलं, तरी तो उठला नाही. मी रडायला लागले तर आबा म्हणाले, पक्ष्यासाठी कोण रडतं. तूही हसला होतास. मीठ घातलं म्हणून सगळेच उठतात असं नाही, दादा.

हा टुकान माझ्या माणसाने आणलेला आहे. रस्त्यासाठी झाड पाडलं, त्याच्या ढोलीत हा होता. अंगावर एक पीस नाही, नुसती चोच आणि भूक. ट्रकमधून त्याला टोपीत घालून आणलं. ती टोपी अजून आहे आणि हा अजून तिच्यातच झोपतो. मान वळवून चोच पाठीवर ठेवतो, शेपटी दुमडून वर घेतो, मग पक्षी कुठला आणि टोपी कुठली ते कळत नाही. एवढी मोठी चोच, पण खांद्यावर बसला तर वजन म्हणून लागत नाही. दिवसभर माझ्या मागे मागे असतो. भांडी उलथवतो, चमचे पळवतो.

शेजारच्या रेमेडियोसबाईचं आणि त्याचं पटत नाही. इथल्या स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांना टुकानाच्या ओरडण्यात 'देव देवो, देव देवो' असं ऐकू येतं. ती कुंपणावरून मला म्हणते, "तुझा पक्षी तोंडाने देव देवो म्हणतो आणि देवाने मला दिलेली पिल्लं गिळतो!" पिल्लं गेली हे खरं आहे. टुकान आहे तो, साधू नाही. मी तिला माझी एक कोंबडी दिली आणि भांडण मिटलं, निदान आठवड्यापुरतं.

संध्याकाळी तो छपरावर चढतो आणि मान खालीवर करत गातो. माझ्यासाठी गातो. मी दारात बसून आईने शिकवलेलं गाणं गाते. आमचं दोघांचं छान चाललंय. तू तुझा मुकुट कोंबड्याच्या पिसांनी सजव.

इपिआक

&nbsp;

कुमाइंत्सा,
१५ फेब्रुवारी १९८६

इपिआक,

रागावलीस तर रागाव. नदीपलीकडचा तो पक्षी मला आठवतो. मी हसलो, कारण आबा बघत होते.

पण तू लिहितेस, तो गातो. मी जन्मभर त्यांच्या मागे फिरलोय. टुकान गात नाही, तो हाक मारतो. सगळ्यात उंच शेंड्यावर चढतो, हाक मारतो, मग थांबून मान वाकडी करून ऐकतो. पलीकडून ओ आली नाही की पुन्हा मारतो. तुझ्या छपरावरून तो कुणाला हाक मारतोय ते मला माहीत नाही. तुला मारत नाही, एवढं नक्की.

आणि आईचं कोणतं गाणं? सूनबाई माझ्याकडे बघतेय, पण मी म्हणतो, लिही. आईने तुला एकच गाणं दिलं होतं, लांब गेलेल्या नवऱ्याला माघारी वळवायचं. ते जिवंत नवऱ्यासाठी असतं. विमानवाल्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी पहिल्या पत्रात घातली नाही. तू त्या पक्ष्याला तुझ्या माणसाच्या नावाने हाक मारतेस.

इपिआक, आपल्यात गेलेल्याला हाक मारत नाहीत. त्याचं नाव पुन्हा तोंडात घेत नाहीत. त्याला सांगतात, जा, मागे बघू नकोस, इथे तुझं कुणी नाही. तू त्याला रोज संध्याकाळी माघारी वळवतेस. तो बिचारा वळतो आणि येऊन तुझ्या दाराशी बसतो, आत येता येत नाही, जाता येत नाही. असं ज्याच्या दाराशी कुणी बसतं त्याच्या तोंडाची चव जाते. समोर अन्न असून माणूस सुकतो. थोरल्या मावशीचं काय झालं ते तू तुझ्या डोळ्यांनी पाहिलंयस.

तुझ्या तोंडाला चव आहे का? एवढंच कळव. आणि टुकान पाठव. मुकुटासाठी पाठव.

कायाप

*(याच पाकिटात घडी घातलेली चिठ्ठी)*

आतेसासूबाई,

ही चिठ्ठी मी वेगळी घालतेय, मामंजींना सांगू नका. मुकुटाला काहीसुद्धा झालेलं नाही. टोपली चुलीवरच आहे, धुराने काळी ठिक्कर, आणि आत मुकुट लालभडक. माझ्यावर उगाच किड्यांचं बालंट आलं, ते मला सहन झालं नाही.

खरी गोष्ट अशी. आमच्या दारासमोरच्या चोंटावर टुकानांची जोडी यायची. डिसेंबरात यांनी त्यातला नर बंदुकीने पाडला, रश्शासाठी. शिजवला मीच, काय सांगू तुम्हाला. मामंजी जेवले नाहीत, खोकला आहे म्हणाले. तेव्हापासून मादी एकटीच येते आणि अंधार पडेपर्यंत ओरडते. मामंजींच्या मनात आहे की तुमचा नर तिच्यासाठी आणावा. पण ज्याने जन्मभर टुकान पाडले त्याने हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? म्हणून मुकुट पुढे केला. तुमची काळजी लागलीय तीही खोटी नाही. रात्री दोनदा मला विचारलं, "इपिआक जेवत असेल ना गं?"

नाकाइम

&nbsp;

माकास,
२२ फेब्रुवारी १९८६

दादा,

वाचलं. माझ्या तोंडाची चव तुझ्याकडून तपासून घ्यायला मी कुक्कुलं बाळ नाही.

इपिआक

&nbsp;

माकास,
१६ मार्च १९८६

दादा,

मागचं पत्र पाठवलं त्याच दिवशी रागाच्या भरात मी मोठं पातेलं चढवलं. युका, मासा, मिरची, घरात होतं ते सगळं घातलं. म्हटलं, बघू कशी चव लागत नाही. पोटभर जेवले आणि उरलेलं वाडग्यात घालून रेमेडियोसबाईला नेऊन दिलं. तिने एक घोट घेतला आणि डोळे मोठे केले. "अगं बाई, अख्खा समुद्र ओतलास की काय यात?"

मी परत येऊन पुन्हा एक घोट घेतला. मला काही खारट लागलं नाही. एवढं मीठ पोटात गेलं होतं आणि मी उठले नव्हते.

त्या संध्याकाळी मी दारात बसले, पण गायले नाही. नावही घेतलं नाही. टुकान छपरावर चढला आणि ओरडला. मग थांबला. तू म्हणतोस तशीच त्याने मान वाकडी केली, रानाच्या दिशेने. पुन्हा ओरडला, पुन्हा थांबला. मी खाली बसले होते, हातभर अंतरावर, आणि त्याने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. तो थांबायचा ना, ते थांबणं मला ओळखीचं होतं. रस्त्यावर ट्रकचा आवाज आला की मीही अशीच थांबते, आपल्या दारासमोर थांबतोय का ते ऐकायला. वर्ष झालं, दादा, अजून थांबते. आम्ही दोघं एकाच घरात बसून दोन वेगळ्या दिशांना कान लावून होतो आणि मी त्याला छान चाललंय म्हणत होते.

मला फार राग आला. तुझा, त्याचा आणि सगळ्यात जास्त ज्याचं नाव आता घेत नाही त्याचा. इतकं ऐकवलंस तर निदान जवळ बसून ऐकवायचं होतंस.

टुकान पाठवतेय. टोपलीवर माझी शाल बांधली आहे, ती विमान सुटेपर्यंत काढू नका असं विमानवाल्याला सांगितलंय. मी स्वतः येत नाही. आले तर त्याला परत घेऊन येईन, हे मला माहीत आहे. टोपी आत ठेवलीय, तिच्याशिवाय त्याला झोप येत नाही. त्याचं एक पीस जरी उपटलंस तर येऊन तुझे केस उपटीन. मुकुटातल्या किड्यांना माझा नमस्कार सांग.

इपिआक

&nbsp;

कुमाइंत्सा,
२६ मार्च १९८६

इपिआक,

टुकान सुखरूप पोचला. ठणठणीत आहे. पपई खातो, केळी खातो, पाणी पितो. आढ्यावर त्याच्यासाठी जागा केलीय. तू त्याची काळजी करू नकोस. तू पाठवलास हे चांगलं केलंस, माझ्या बहिणीला शोभेल असं केलंस.

किड्यांचा नमस्कार काही कळला नाही.

कायाप

*(घडी घातलेली चिठ्ठी)*

आतेसासूबाई,

पपई खातो, केळी खातो हे मी लिहिलं कारण मामंजींनी सांगितलं. मी बळेच चोचीत घालते तेवढं सोडलं तर तो काहीही खात नाही. आल्यापासून टोपीत बसून आहे. मामंजी रानातून कसली कसली फळं आणतात, पानावर मांडतात, बाजूला सरकून बसतात आणि फळं तशीच सडतात. मादी समोर येऊन ओरडते तर हा मानसुद्धा वर करत नाही. चोचीचा रंग उतरल्यासारखा वाटतो मला. तुम्ही काहीतरी सांगा.

आणखी एक. मादी ओरडली की मामंजी तिला ओ देतात, तोंडाने, अगदी हुबेहूब. हे डिसेंबरापासून चाललंय. मला वाटायचं, म्हातारपणचा विरंगुळा. परवा मी चिचाचा, युका आंबवून केलेल्या पेयाचा, वाडगा घेऊन गेले तर ओ देऊन झाल्यावर ते हळूच गात होते. मला बघून खोकले. गाणं सासूबाईंसाठी होतं, त्यांचं नाव त्यात होतं. सासूबाईंना जाऊन तिसरं वर्ष. मामंजींच्या वाडग्यात रोज अर्धं उरतं आणि ते म्हणतात, खोकला आहे. तुम्हाला ते पत्र सांगत होते ना, गेलेल्याला हाक मारत नाहीत म्हणून, तेव्हा लिहिता लिहिता माझा हात थांबला होता.

नाकाइम

&nbsp;

माकास,
५ एप्रिल १९८६

दादा,

आधी टुकान. तो ठेवलेलं खात नाही, फेकलेलं खातो. लहान तुकडा करायचा, थोडं लांब उभं राहून त्याच्या डोक्यापेक्षा वर उडवायचा. तो झेलतो, चोचीच्या टोकात धरतो, मान मागे टाकतो आणि मग गिळतो. ही सवय त्याला ज्याने लावली त्याला रोज ट्रकवरून आल्यावर दुसरं काम नसायचं. मी हे सांगायला विसरले, कारण सगळेच टुकान असं खातात असं मला वाटायला लागलं होतं. पत्र वाचताक्षणी फेकायला लाग.

आता तुझं. माझ्या डोळ्यातलं कुसळ तुला रानात बसून दिसलं. तुझ्या डोळ्यातलं मुसळ मला माकासमधून दिसतंय. कुणी सांगितलं ते विचारू नकोस, विमानवाल्याला कान आहेत.

तुझ्या तोंडाला चव आहे का? एवढंच कळव.

वहिनी माझी मैत्रीण होती, तुझी बायको व्हायच्या आधीपासून. मलाही ती हवीय. नदीवर युका धुताना तिचं ते मोठ्याने हसणं मला अजून ऐकू येतं. पण तूच मला लिहिलंस की दाराशी आलेल्याला आत येता येत नाही आणि जाता येत नाही. तिला असं ताटकळत ठेवतोस?

आणि बाकी सोड, साधी गोष्ट बघ. मादी हाक मारते आणि ओ तू देतोस. तिला वाटतं, नर इथेच कुठेतरी आहे, म्हणून ती तुझं दार सोडत नाही. आढ्यावरच्या नराला वाटतं, तिला ओ देणारा आहे कुणीतरी, आपण कशाला तोंड उघडा. मधे बसून तू दोघांची वाट अडवलीयस. इथे मी गायचं बंद केलं तेव्हा माझा पक्षी छपरावरून असा ओरडला की रेमेडियोसबाई बाहेर आली. दादा, तू गप्प बस. तुला जमणार नाही हे मला माहीत आहे, लहानपणी आबांनी गप्प बस म्हटलं तरी जमायचं नाही. तरी बस.

इपिआक

&nbsp;

कुमाइंत्सा,
२७ एप्रिल १९८६

इपिआक,

विमानवाल्याचे कान आमच्या चुलीपाशी बसून युका सोलतात हे मला कळत नाही असं समजू नकोस. मला वाचता येत नाही, पण दोन कागदांची घडी एका कागदापेक्षा जाड असते. (मी गप्प आहे. – नाकाइम)

तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी पपई फेकली. पहिला तुकडा त्याच्या पाठीवर पडला. दुसरा त्याने झेलला. मग मी फेकत राहिलो आणि तो झेलत राहिला. बघायला सगळी वस्ती गोळा झाली. चुम्पी म्हणतो, "बाबा, जन्मभर त्यांच्यावर बाण फेकलेत आणि आता पपई!" उरलेली साल मी चुम्पीला फेकून मारली. त्याला काही झेलता आली नाही.

गप्प बसणं मात्र जड गेलं. खोकला दाबता येतो, पण ओ दाबता येत नाही. पहिल्या संध्याकाळी मादी चोंटावर आली, ओरडली आणि थांबली. मी तोंडावर हात धरून बसलो. तिने मान वाकडी केली, माझ्या दाराकडे बघितलं, पुन्हा ओरडली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, इपिआक. तीन वर्षं मला वाटत होतं की मी हाक मारतोय आणि पलीकडून ओ येईल. त्या बिचारीकडे बघून मला कळलं, पलीकडून ओ येत नाही हे माहीत असूनही मी बसलो होतो. तिला निदान माहीत नव्हतं. ती उडून गेली तेव्हा मी पहिल्यांदा तुझ्या वहिनीला सांगितलं, जा, मागे बघू नकोस. एकदा सांगून झालं नाही. पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

त्यानंतर मादी आलीच नाही. मी सगळ्यांना सांगत सुटलो, माकासच्या शहाण्या बाईने आमची मादी पळवून लावली. आणि एका संध्याकाळी नदीच्या बाजूने हाक आली, लांबून. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आढ्यावरून ओ आली! घोगरी, मोडकी, पण ओ. तुझ्या नराने मान खाली घातली, वर उडवली आणि पुन्हा दिली. मग तो दाराच्या कुडावर आला, तिथून अंगणात पडल्यासारखा उतरला आणि कसाबसा चोंटावर गेला. मादी आली. ती आधी लांब बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एक पिकलं फळ तोडलं, चोचीच्या टोकात फिरवलं आणि त्याच्या चोचीत दिलं. त्याने काय करावं? वर उडवून झेललं! ती इतकी दचकली की फांदीवरून उडालीच. पण परत आली.

आता दोघं नदीकडे असतात. कधी संध्याकाळी चोंटावर येतात. त्याला अजून नीट उडता येत नाही, पण ती थांबते.

सण झाला. मुकुट घातला. त्याला किड्यांनी कधीच हात लावला नव्हता, हे तुला माहीत आहे हे मला माहीत आहे. गाणं चांगलं झालं असं लोक म्हणतात. मधे खोकला आला नाही.

आणि तू विचारलंस त्याचं उत्तर. काल सूनबाईने भाजलेला मासा वाढला. मी खाल्ला आणि म्हणालो, मीठ कमी आहे. तर ती रडायलाच लागली. मीठ कमी आहे म्हटल्यावर भांडणाऱ्या सुना पाहिल्यात, रडणारी पहिल्यांदा पाहिली. (चुलीचा धूर डोळ्यांत गेला होता. – नाकाइम)

घरात माणसं पुष्कळ आहेत, पण आपली लहानपणची नदी कुणाला माहीत नाही. मला तुझी आठवण येते. हे मी सांगितलं आणि सूनबाईने लिहिलं, तिने मनाचं घातलेलं नाही.

सोबत एक लाल पीस आहे. उपटलेलं नाही, चोंटाखाली पडलेलं मिळालं. तुझ्या टुकानाचं आहे. तुझ्याजवळ असू दे. टोपी इथेच आहे, तो आता तिच्यात झोपत नाही. पाठवू का?

तुझा दादा,
कायाप

&nbsp;

माकास,
११ मे १९८६

दादा,

तुझं पत्र मी रेमेडियोसबाईला वाचून दाखवलं. फळ झेललं तिथे ती इतकी हसली की तिला दम लागला. तिने नवी पिल्लं घेतलीत. मला चार अंडी आणून दिली आणि दारात माझ्याजवळ बसली. "आता देव कुणाला देतोय ते ऐकूच येत नाही," म्हणाली. मग तिलाही चुकल्यासारखं झालं असावं, कारण बराच वेळ ती छपराकडे बघत होती.

संध्याकाळी घर गप्प असतं. ट्रकचा आवाज आला की मी अजून थांबते, पण कमी. जेवणाला चव लागते. कधी मिरची जास्त होते आणि मला कळतं की जास्त झाली. रडू आलं तर रडते. पक्ष्यासाठी कोण रडतं असं विचारायला आता आबा नाहीत.

टोपी पाठवू नकोस. चुम्पीला दे. त्याची होडी उलटली की पाणी उपसायला होईल. नाकाइमला माझा आशीर्वाद सांग, आणि म्हणावं, दोन कागद घालायचे तर पातळ घालत जा.

पीस परत पाठवतेय. राग मानू नकोस. पहिल्या दिवशी मी ते उशाशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी खिडकीत ठेवलं, उजेडात फार सुंदर दिसत होतं. तिसऱ्या दिवशी केळं सोलताना मी त्या पिसाला विचारलं, तुला हवंय का. माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

तेव्हा ते तुझ्याकडेच असू दे. मुकुटात पुढच्या बाजूला ओवून टाक. पुढच्या सणाला मी येतेय. विमानात बसायची भीती वाटते, तरी येतेय. तुझ्या डोक्यावर ते बघीन आणि जे काही बोलायचं असेल ते तुझ्याशी बोलीन. नदीकडून येताना लांबूनच तुला हाक मारीन.

तेव्हा मात्र ओ दे.

इपिआक